छऱ्याचे पिस्तूल, घोणस आणि कायदा

तालुक्याच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या माणसाला जमिनीचे, वाटपाचे, धनादेशाचे प्रश्न विचारले जातात, तसे काही वेगळेही विचारले जातात. गेल्या चार-पाच वर्षांत माझ्याकडे वारंवार आलेला असा एक प्रश्न आहे. अंगणात किंवा पडवीत विषारी साप निघाला, तर एअर पिस्तुलाने मारलेला चालेल का? विचारणारे बहुतेक साधे गृहस्थ असतात. मुलगा किंवा नातू नेमबाजीच्या क्लासला जातो, त्याच्यासाठी पिस्तूल घेतलेले असते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तुलात कांस्यपदक मिळवले आणि आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये. तेव्हापासून हे खेळ गावोगावी पोचले आहेत. पिस्तूल घरात आहे, त्याला परवाना लागत नाही, साप विषारी आहे, मग अडचण कुठे आहे, असा त्यांचा हिशेब असतो.

या हिशेबातल्या पहिल्या तिन्ही गोष्टी खऱ्या असल्या, तरी उत्तर चुकते. ते कुठे चुकते, हे शोधताना मला कायद्याची चार-पाच पुस्तके उघडावी लागली, थोडा इतिहास पाहावा लागला आणि सापांबद्दलही बरेच वाचावे लागले. त्या वाचनाचा हा गोषवारा आहे.

परवाना कशाचा नाही?

प्रथम शस्त्राची बाजू पाहू. आपल्याकडे शस्त्रांचे नियमन शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील शस्त्र नियम, २०१६ यांनुसार होते. हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुका आणि पिस्तुले यांसाठी त्यात मर्यादा घातल्या आहेत. नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे बोलीभाषेतला ‘पॉइंट वन सेव्हन सेव्हन’, आणि छऱ्याची ऊर्जा २० जूलपर्यंत असेल, तर परवाना लागत नाही. दुकानात मिळणारी खेळाची एअर पिस्तुले या मर्यादेच्या पुष्कळ आत असतात. त्यामुळे ते घरात ठेवणे हा गुन्हा नाही, ही समजूत बरोबर आहे.

पण परवान्यातून मिळालेली सूट ही वस्तू बाळगण्याची सूट आहे. तिने कशावर नेम धरायचा, हे शस्त्र कायदा सांगत नाही. कोयत्याला परवाना लागत नाही म्हणून कोयत्याने केलेला गुन्हा माफ होत नाही, तसेच हे आहे. आणि ज्या कायद्याशी येथे गाठ पडते, त्याने शस्त्राची आपली स्वतंत्र व्याख्या केली आहे. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या दुसऱ्या कलमात ‘शस्त्र’ या शब्दात बंदुकीबरोबर धनुष्यबाण, गळ, सुरी, जाळे, विष, फासा, सापळा आणि प्राण्याला इजा करू शकेल किंवा मारू शकेल असे कोणतेही साधन येते. छऱ्याचे पिस्तूल तर त्यात येतेच, पण साप मारण्यासाठी उचललेली काठीही त्या शब्दांत बसू शकते. म्हणजे ‘परवाना लागत नाही’ हा मुद्दा या कायद्याच्या दारातच गळून पडतो. अभयारण्यात तर मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय कोणतेही शस्त्र घेऊन शिरताच येत नाही. आपल्या गावाच्या सीमेवर अभयारण्य असेल, तर हे लक्षात ठेवलेले बरे.

हवेच्या बंदुकीने जंगल किती ओस पडू शकते, याची जाणीव ईशान्य भारताला आधी झाली. अरुणाचल प्रदेशात मार्च २०२१ मध्ये राज्य सरकारने लोकांना आपल्या एअरगन स्वखुशीने जमा करण्याचे आवाहन केले आणि पूर्व कामेंग जिल्ह्यातल्या लुमडुंग गावापासून ती मोहीम सुरू झाली. तिथे प्रश्न पक्ष्यांच्या आणि लहान प्राण्यांच्या शिकारीचा होता, सापांचा नव्हे. पण बिनपरवान्याचे शस्त्र म्हणजे निरुपद्रवी शस्त्र नव्हे, हे त्यातून दिसले.

इनामाचा काळ

साप मारणे हा गुन्हा आहे, हे ऐकल्यावर माझ्यासमोरच्या माणसाचा चेहरा बदलतो. त्याच्या आजोबांच्या, पणजोबांच्या काळात साप मारणे हे पुण्य नसले तरी कर्तव्य होते. एवढेच नव्हे, तर त्याबद्दल सरकार पैसे देत असे.

इंग्रजी अमलात हिंस्र प्राणी आणि साप यांच्यामुळे दरवर्षी किती माणसे दगावली, किती प्राणी मारले गेले आणि किती बक्षीस वाटले, याचे तक्ते सरकार तयार करत असे. सर जोसेफ फेरर यांचा भारतातील विषारी सापांवरचा प्रसिद्ध ग्रंथ १८७२ मध्ये निघाला, तो याच काळातला. आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचे नाव या इतिहासात ठळक आहे, ते फुरशांमुळे. कोकणातल्या कातळावर, सड्यावर, दगडी गडग्यांत फुरसे इतके होते, की त्याच्या डोक्यावर इनाम लावले गेले. १८६२ च्या डिसेंबरात सुमारे आठवडाभरात जिल्ह्यात एक लाखाहून अधिक फुरशी मारून आणली गेल्याची नोंद आहे. पुढेही अनेक वर्षे ही कत्तल चालू राहिली.

दीडशेहून अधिक वर्षांनी आजही रत्नागिरीच्या सड्यावर फुरसे आहे. भातकापणीच्या दिवसांत, म्हणजे ऐन दिवाळीच्या आसपास, फुरशाच्या दंशाचे रुग्ण रुग्णालयात येतातच. लाखांनी साप मारून सर्पदंश संपला नाही, हा धडा आपल्याच मातीत गिरवला गेला आहे. इनाम बंद झाले, पण त्यामागची समजूत मात्र टिकली.

स्वातंत्र्यानंतर दुसरा काळ आला, तो कातड्यांचा. सापांची कातडी मोठ्या प्रमाणावर परदेशी जात होती. १९७६ मध्ये तिच्या निर्यातीवर बंदी आली. मद्रासजवळच्या इरुळा जमातीचे लोक या धंद्यासाठी साप पकडत. रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये त्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि तेच लोक साप पकडून, विष काढून, साप पुन्हा सोडून देऊ लागले. त्या विषापासून प्रतिसर्पविष, म्हणजे सर्पदंशावरची लस, तयार होते. वन्य जीव अधिनियमाच्या बाराव्या कलमात जीवरक्षक औषधांसाठी सर्पविष गोळा करण्याची तरतूद आहे, ती यासाठी. ज्या सापाला मारून माणूस वाचेल असे वाटत होते, त्याच्या विषावाचून दंश झालेला माणूस वाचत नाही, हे कायद्याने येथे मान्य केले आहे.

साप कोणत्या अनुसूचीत?

वन्य जीव अधिनियमाच्या नवव्या कलमाने अनुसूचीतल्या वन्य प्राण्यांच्या शिकारीवर बंदी घातली आहे. ‘शिकार’ म्हणजे रानात जाऊन केलेली हौस, हा आपला नेहमीचा अर्थ येथे चालत नाही. कायद्याच्या व्याख्येत ठार मारणे, विष घालणे, पकडणे, सापळा लावणे, जखमी करणे आणि यांपैकी काही करण्याचा प्रयत्न करणे, हे सारे शिकारीतच येते. सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणेही येते. म्हणून छर्रा लागला नाही, साप निसटला, तरी ‘काही झालेच नाही’ असे म्हणता येत नाही. नागपंचमीला जिवंत नागांच्या मिरवणुकीसाठी प्रसिद्ध असलेल्या बत्तीस शिराळ्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती प्रथा थांबवावी लागली, कारण पूजेसाठी पकडणे हेही शेवटी पकडणेच ठरते.

दुसरा गैरसमज जागेबद्दलचा आहे. साप माझ्या घरात शिरला, मग तो वन्य कसा? कायद्याला जागेशी कर्तव्य नाही. अनुसूचीत ज्याचे नाव आहे आणि जो निसर्गात मोकळा आढळतो, तो वन्य प्राणी. तो बाथरूममध्ये सापडला म्हणून घरमालकाचा होत नाही.

मूळ कायद्यात अनेक अनुसूच्या होत्या. नाग, नागराज, घोणस आणि बिनविषारी धामणसुद्धा दुसऱ्या अनुसूचीच्या दुसऱ्या भागात होती. मण्यार आणि फुरसे चौथ्या अनुसूचीत होते. २०२२ च्या दुरुस्तीने ही रचना बदलली. ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आता प्राण्यांसाठी दोनच अनुसूच्या आहेत. नाग, घोणस आणि धामण पहिलीत आहेत, मण्यार आणि फुरसे दुसरीत. पहिली अनुसूची म्हणजे वाघ-हत्तींची पंगत.

शिक्षेतला फरक मोठा आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला किमान तीन वर्षे आणि कमाल सात वर्षे कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्या गुन्ह्याला किमान कारावास सांगितला आहे, तो तडजोडीने, पैसे भरून मिटवता येत नाही. ‘साहेबांना भेटून काय तो दंड भरू’ हा मार्ग नागाच्या आणि घोणशीच्या बाबतीत बंद आहे. शिवाय वापरलेले शस्त्र जप्त होते. नातवाच्या सरावाचे पिस्तूल मुद्देमालाच्या खोलीत जाऊन बसते.

जीव वाचवण्यासाठी मारला तर?

मग कायद्याला माणसाच्या जिवाची किंमत नाही का? आहे, आणि ती स्पष्ट शब्दांत आहे. अकराव्या कलमाचे दुसरे पोटकलम सांगते, की स्वतःच्या किंवा दुसऱ्या व्यक्तीच्या बचावासाठी सद्भावपूर्वक एखाद्या वन्य प्राण्याला ठार मारणे किंवा जखमी करणे हा गुन्हा नाही. यात अनुसूचीचा भेद नाही. वाघालाही हेच लागू आहे, फुरशालाही. एकच अट आहे. बचावाची वेळ आली तेव्हा तो माणूस याच कायद्याचा भंग करत असता कामा नये. शिकारीला गेलेल्याला, किंवा खेळ करण्यासाठी साप पकडून ठेवलेल्याला हे कवच मिळत नाही.

या पोटकलमातले दोन शब्द नीट पाहण्यासारखे आहेत. पहिला ‘व्यक्ती’. बचाव व्यक्तीचा हवा. कोंबड्यांचा, वासराचा, अंड्यांचा बचाव यात नाही. मालमत्तेला धोका असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकाचा लेखी आदेश घेण्याची वाट कायद्यात आहे, पण तीही पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी नाही. त्यांच्याबाबत असा आदेश माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा प्राणी बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल तरच निघतो. जीव घेण्याचा आदेश तर प्राण्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा हलवणे शक्य नसेल तेव्हाच.

दुसरा शब्द ‘सद्भावपूर्वक’. येथे वकिलांना रस वाटेल असा एक बारकावा आहे. फौजदारी संहितेत, पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत आणि आताच्या भारतीय न्याय संहितेतही, योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेले कृत्य सद्भावपूर्वक मानले जात नाही. उलट केंद्रीय कायद्यांतील शब्दांचा अर्थ लावण्यासाठी असलेल्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ मध्ये, कृत्य प्रामाणिकपणे केले असेल तर ते सद्भावपूर्वक, मग त्यात निष्काळजीपणा असो वा नसो. वन्य जीव अधिनियमाने या शब्दाची स्वतःची व्याख्या केलेली नाही. म्हणून आरोपीच्या बाजूने दुसरी, उदार व्याख्या मांडता येते. अंधारात पायाशी वळवळणाऱ्या कवड्याला मण्यार समजून घाबरून मारणाऱ्या माणसाला या उदारपणाचा आधार मिळू शकतो, असे माझे मत आहे.

पण प्रामाणिक भीती पुरेशी नाही, बचावाचा प्रसंगही खरा हवा. अरुणाचलातील एका माणसाने वाघाला गोळी घातल्याच्या खटल्यात गुवाहाटी उच्च न्यायालयाने १९७९ मध्ये हे कलम तपासले. प्राणी कोणत्या स्वभावाचा, किती धोकादायक, प्रसंग कोणता, हे सारे पाहूनच सद्भाव ठरवावा, अशी त्या निकालाची दिशा आहे. आणि हे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १०८ म्हणते, की आपले कृत्य अपवादात बसते हे अपवादाचा आधार घेणाऱ्याने सिद्ध करायचे. सरकारी पक्षासारखे निःसंशय सिद्ध करावे लागत नाही, पण तसे घडले असण्याची शक्यता अधिक आहे, हे न्यायालयाला पटवावे लागते.

दहा मीटरवरचा नेम

आता पिस्तुलाकडे पुन्हा येऊ, कारण बचावाचा प्रसंग खरा होता का, या प्रश्नाचे उत्तर बहुधा पिस्तूलच देते.

काठी हाताशी असते. एअर पिस्तूल तसे नसते. ते कपाटातून काढायचे, हवेचा दाब द्यायचा, छर्रा भरायचा, अंतर राखून उभे राहायचे आणि नेम धरायचा. एवढा वेळ आणि एवढे अंतर ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे मागे सरून दार लावण्याचा वेळही असतो. उलटतपासणीत सरकारी वकील पहिला प्रश्न हाच विचारील. साप किती फुटांवर होता? ‘दहा-पंधरा’ असे उत्तर आले, की बचावाचा मुद्दा लंगडा पडतो. ‘पायाशी’ असे आले, तर त्या स्थितीत पिस्तूल भरलेले कसे होते, असा पुढचा प्रश्न येतो. मुलाला वेढून बसलेला नाग, बंद खोलीत अडकलेला म्हातारा, असे प्रसंग असू शकतात. त्यांत कायदा माणसाच्या बाजूने उभा राहील. पण ते अपवाद आहेत.

पिस्तुलाची ताकदही पाहावी. साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १५० मीटर वेगाने निघाला, तर त्याची ऊर्जा साडेपाच जूलच्या आसपास भरते. सर्वांत साध्या ‘पॉइंट टू टू’ रायफलच्या गोळीत सव्वाशे-दीडशे जूल असतात. हा छर्रा कागदाच्या लक्ष्यासाठी केलेला आहे. सापाचा मेंदू अगदी लहान, डोके सतत हलणारे. दहा मीटरच्या स्पर्धेत लक्ष्याचे मधले वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे असते आणि ६० नेमांसाठी खेळाडूला ७५ मिनिटे मिळतात. एका नेमाला सव्वा मिनिट, तेही लक्ष्य जागचे हलत नसताना. घाबरलेल्या गृहस्थाला हे अंगणात साधणार नाही. छर्रा अंगात रुतेल, साप जखमी होऊन अडगळीत शिरेल आणि त्या रात्री घरातले सगळे अधिक धोक्यात झोपतील. फरशीवर किंवा चिऱ्याच्या भिंतीवर आपटून उलटलेला छर्रा डोळ्यात जाऊ शकतो. दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असे बेफिकीर कृत्य हाही न्याय संहितेखालचा वेगळा गुन्हा आहे.

येथे आणखी एक कायदा येतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम. त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव. विनाकारण क्रूर रीतीने प्राणी मारणे हा त्याखाली गुन्हा आहे. साडेपाच जूलचे छर्रे एकामागून एक घालत सापाला पंधरा मिनिटे तडफडवणे या शब्दांतून कसे सुटेल, हे मला दिसत नाही.

चार साप, चार प्रसंग

महाराष्ट्रात माणसे दगावतात ती मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांमुळे. आपल्याकडची लस या चौघांच्या विषावर एकत्र काम करते. हे चार साप माणसाला कधी चावतात, हे पाहिले की पिस्तुलाचा उपयोग किती, ते आपोआप कळते.

मण्यार रात्री हिंडते. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते. तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, घशाखाली थुंकी उतरत नाही, मग श्वास अडखळतो. फुरसे हात-दीड हाताचे. दगड उचलताना, गवत कापताना, पेंढा ओढताना हाताला किंवा पायाला लागते. अंगावरचे खवले घासून ते करकर आवाज करते, पण विळ्याच्या आवाजात तो ऐकू येत नाही. घोणस कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार करते, पण बांधावरच्या पाचोळ्यात ती दिसत नाही आणि पाय पडतो. नाग फणा काढून निदान इशारा देतो. तो दिसला आणि आपण थांबलो, तर बहुधा तोच निघून जातो.

म्हणजे माणूस मरतो तो न दिसलेल्या सापाने. पिस्तूल चालते ते दिसलेल्या सापावर. दिसलेला साप हा त्या क्षणापुरता सर्वांत कमी धोक्याचा साप असतो, जोवर आपण त्याच्या जवळ जात नाही तोवर. मारायला किंवा पकडायला गेलेल्या माणसांना दंश होतो, हे सर्पदंशावर उपचार करणारे डॉक्टर सांगत आले आहेत. मेलेला सापही सुरक्षित नाही. तोडलेले डोके काही काळ प्रतिक्षिप्त क्रियेने चावू शकते.

ओळखीचा घोटाळा तर नेहमीचाच. मण्यार म्हणून कवड्या मारला जातो. मण्यारीचे पांढरे पट्टे मानेकडे नसतात किंवा पुसट असतात आणि शेपटीकडे स्पष्ट होतात. कवड्याचे उलट असते. घोणस म्हणून डुरक्या घोणस, फुरसे म्हणून मांजऱ्या, नाग म्हणून धामण. शेतातले उंदीर खाणारी धामण या घोटाळ्यात सर्वाधिक मरते आणि ती आता पहिल्या अनुसूचीत आहे. ‘साप साप म्हणून भुई धोपटणे’ ही म्हण आपण सहज वापरतो. येथे भुईऐवजी धामण धोपटली जाते.

मारल्यानंतर

समजा, खरोखरच बचावासाठी साप मारावा लागला. मग काय करायचे? बचावासाठी मारलेला वन्य प्राणी सरकारी मालमत्ता होतो. अशी मालमत्ता ज्याच्या ताब्यात येते, त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्याला कळवायचे असते. गावात होते ते याच्या उलट. नाग असेल तर तुपात जाळतात, नाहीतर काठीला लटकवून फोटो काढतात आणि तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. पुढे वनखात्याच्या हाती पहिला पुरावा म्हणून तोच फोटो येतो. कळवणारा माणूस आणि लपवणारा माणूस यांत न्यायालय फरक करते, कारण सद्भाव कृत्यानंतरच्या वागण्यातूनही दिसतो.

डॉक्टरांना दाखवण्यासाठी साप मारून न्यावा, ही समजूतही जुनी झाली. चारही सापांसाठी लस एकच आहे आणि उपचार लक्षणांवरून होतात. साप मारण्यात गेलेला अर्धा तास रुग्णाचा असतो.

दुसरी बाजू

हे सगळे सांगितल्यावर एका बापाने मला जे विचारले, ते येथे नोंदवायला हवे. आमच्या शेजारच्या वाडीत त्याची बारा वर्षांची मुलगी मण्यारीच्या दंशाने गेली. तो म्हणाला, “वकीलसाहेब, सापासाठी सात वर्षं कैद लिहिली आहे. माझ्या पोरीसाठी कायद्यात काय लिहिलं आहे?”

या प्रश्नाला माझ्याजवळ पुरते उत्तर नाही, पण आकडे त्याच्या बाजूचे आहेत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. बहुतेक खेड्यांतली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातले. केंद्र सरकारने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले. हे चांगले आहे, आणि उशिराचेही आहे.

भरपाईतली विसंगती तर मला वकील म्हणून बोचते. महाराष्ट्रात वाघ, बिबट्या, अस्वल, रानडुक्कर अशा यादीतल्या प्राण्यांच्या हल्ल्यात माणूस गेला, तर वारसांना २५ लाख रुपये मिळतात. त्या यादीत साप नाही. शेतकरी कुटुंबाला सर्पदंशाच्या मृत्यूबद्दल गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेतून दोन लाख मिळतात. केरळात मात्र सर्पदंशाचा मृत्यू वन्य प्राण्यामुळे झालेला मृत्यू म्हणून भरपाईस पात्र आहे. मारताना जो साप वाघाच्या पंगतीत असतो, तो चावला की त्या पंगतीतून उठतो. ज्याचे रक्षण सरकारने आपल्याकडे घेतले, त्याच्यामुळे होणाऱ्या हानीचा भारही सरकारने तितक्याच पूर्णपणे उचलला पाहिजे. हा कायदा लोकांनी मनापासून पाळावा असे वाटत असेल, तर ही दुरुस्ती आधी व्हायला हवी.

तोवर माझ्याकडे येणाऱ्यांना मी हेच सांगतो. पिस्तूल कपाटात, कुलपात ठेवा. साप दिसला तर लांबून नजर ठेवा, लहान मुले आणि जनावरे आत घ्या. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा किंवा वनखात्याकडे नोंद असलेल्या सर्पमित्राला बोलवा. जमिनीवर झोपू नका. झोपावेच लागले तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. रात्री बॅटरी घ्या. कापणीला गमबूट घाला, पेंढीखाली हात घालण्याआधी काठीने हलवून पाहा. दंश झालाच तर आवळपट्टी, चिरा, मांत्रिक यांत वेळ घालवू नका. हात-पाय न हलवता रुग्णाला लस असलेल्या रुग्णालयात न्या, आणि आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लस आहे का, हे पावसाळ्याआधीच विचारून ठेवा. नसेल तर ग्रामसभेत ठराव करून मागा. एअर पिस्तुलाच्या किमतीत घरातल्या सगळ्यांना पुरतील एवढ्या मच्छरदाण्या, बॅटऱ्या आणि गमबुटांच्या जोड्या येतात. त्यांना परवाना लागत नाही आणि त्या वापरल्याबद्दल कोणाला न्यायालयात उभे राहावे लागत नाही.